मोबाइलच्या कमांड लाइनवर साथीचं मॉडेल कसं चालवायचं?

वैज्ञानिक मॉडेल म्हटलं की डोळ्यांसमोर मोठी प्रयोगशाळा आणि मोठे संगणक येतात. पण साथ कशी पसरते हे दाखवणारं, 1927 सालापासून वापरात असलेलं एक मॉडेल तुमच्या खिशातल्या फोनवर सेकंदाच्या आत चालतं. त्यासाठी रंगीत बटणं असलेलं अ‍ॅप लागत नाही. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा कर्सर आणि तुम्ही टाइप केलेली एक ओळ, एवढंच पुरतं. या लेखात ती ओळ कशी लिहायची, तिचा कुठला भाग काय करतो, आणि उत्तर मिळाल्यावर त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे मी सांगणार आहे. शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यालाच जास्त जागा देतोय.

एक सूचना आधीच. लेखातल्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. फोनवर टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा, आणि आकडेही इंग्रजीच ठेवा.

मॉडेलमध्ये आहे काय?

तीन डबे. पहिल्या डब्यात अजून आजार न झालेले पण होऊ शकणारे लोक, दुसऱ्यात आत्ता बाधित असलेले, तिसऱ्यात बरे झालेले किंवा दगावलेले, म्हणजे साथीच्या हिशोबातून बाहेर पडलेले. इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून याला एसआयआर मॉडेल म्हणतात. माणसं पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात. परतीचा रस्ता नाही.

किती वेगानं जातात हे दोन आकडे ठरवतात. बीटा म्हणजे संसर्गाचा दर: एक बाधित माणूस दिवसाला सरासरी किती जणांना आजार देऊ शकतो. गॅमा म्हणजे बाहेर पडण्याचा दर. गॅमा 0.2 असेल तर माणूस सरासरी 5 दिवस बाधित राहतो, कारण 1 भागिले 0.2 म्हणजे 5. बीटाला गॅमानं भागलं की 2020 मध्ये बातम्यांत रोज ऐकू येणारा तो आर-शून्य मिळतो. तो 1 च्या वर असेल तर साथ पेटते, खाली असेल तर विझते.

फोनवर तयारी

अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. ते एफ-ड्रॉइडवरून किंवा गिटहबवरून घ्या. उघडलं की काळा पडदा येतो. त्यावर या दोन ओळी एकामागून एक लिहून एंटर दाबा:

पीकेजी अपडेट
पीकेजी इन्स्टॉल पायथन नॅनो

मधे हो की नाही विचारलं तर वाय दाबायचं. पायथन ही भाषा आणि नॅनो हा लिहिण्याचा एडिटर फोनवर येतो. कीबोर्डच्या वर टर्मक्स एक जादा पट्टी दाखवतं. तिच्यातलं कंट्रोल बटण ओळखून ठेवा. प्रोग्राम अडकला तर कंट्रोल आणि सी दाबल्यावर तो थांबतो. सुरुवातीला हीच कमांड सगळ्यात जास्त उपयोगी पडते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता प्रोग्राम. पूर्ण कोड इथे देत नाही, कारण तो तीसएक ओळींचा आहे आणि पायथन थोडंफार शिकलेल्या कुणालाही स्वतः लिहिता येतो. गाभा एवढाच: वेळेचं एक छोटं पाऊल घ्यायचं. त्या पावलात नवे बाधित किती? बीटा गुणिले पहिल्या डब्यातले लोक गुणिले दुसऱ्या डब्यातले लोक, भागिले एकूण लोकसंख्या, गुणिले पाऊल. बाहेर पडले किती? गॅमा गुणिले दुसऱ्या डब्यातले लोक गुणिले पाऊल. हे दोन्ही आकडे आधी काढून घ्यायचे आणि मगच डबे बदलायचे. एक डबा बदलून त्याचाच नवा आकडा दुसऱ्या गणितात वापरला, तर प्रोग्राम तक्रार करत नाही, फक्त थोडं चुकीचं उत्तर देतो. अशा चुका पकडायला फार वेळ लागतो.

अजून एक बारीक गोष्ट. वेळ मोजताना 0.1, 0.1 मिळवत जाऊ नका. पायथनमध्ये 0.1 दहा वेळा मिळवलं तर 1 येत नाही, 0.9999999999999999 येतं. पावलं पूर्णांकात मोजा आणि दिवस हवा तेव्हा त्याला 0.1 नं गुणा.

बीटा, गॅमा वगैरे आकडे प्रोग्रामच्या आत लिहून टाकू नका. ते बाहेरून, कमांडमधूनच यायला हवेत. पायथनमध्ये त्यासाठी आर्गपार्स नावाचं मॉड्यूल आधीपासूनच असतं. मी माझ्या पर्यायांना मराठी नावं दिली आहेत, इंग्रजी अक्षरांत. कुणी अडवत नाही.

पहिली फेरी

फाइल एसआयआर.पीवाय या नावानं ठेवली असेल, तर ओळ अशी होते:

पायथन एसआयआर.पीवाय --लोक 10000 --बाधित 10 --बीटा 0.4 --गॅमा 0.2 --दिवस 200 --पाऊल 0.1

डावीकडून वाचा. पहिला शब्द सांगतो की कोण चालवणार. दुसरा सांगतो काय चालवायचं. पुढे दोन डॅशनं सुरू होणारा प्रत्येक शब्द म्हणजे एक खुंटी, आणि तिच्या पुढचा आकडा म्हणजे ती खुंटी किती पिळायची. मधे एक-एक रिकामी जागा हवीच. दहा हजार वस्तीचं गाव, दहा जण बाधित, दोनशे दिवस. सगळा प्रश्न एका ओळीत मावला. खुंट्यांची नावं विसरलात तर शेवटी फक्त --हेल्प लिहा, आर्गपार्स आपणहून यादी छापतं.

एंटर दाबलं की आकड्यांचे रकाने धावत जातात: दिवस, न झालेले, बाधित, बाहेर पडलेले. माझ्या फोनवर हे डोळे मिटून उघडायच्या आत झालं, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाच झाली. एवढंच? पण आकडे नीट वाचा. बाधितांचं शिखर 34 व्या दिवसाच्या आसपास येतं, तेव्हा एकाच वेळी सुमारे 1,540 जण आजारी असतात. दोनशे दिवसांनंतर एकूण सुमारे 7,970 जणांना आजार होऊन गेलेला असतो. म्हणजे साधारण 2,000 लोकांना तो शिवतही नाही. औषध नाही, लस नाही, तरी साथ सगळ्यांना गाठण्याआधीच थांबते, कारण बाधितांना नवे लोक भेटणंच कमी होतं.

रकाने पडद्यावरून वाहून जाऊ नयेत म्हणून ते फाइलमध्ये वळवायचे. ओळीच्या शेवटी 'पेक्षा मोठं'चं चिन्ह द्यायचं आणि फाइलचं नाव लिहायचं, उदाहरणार्थ फेरी1.सीएसव्ही. ही फाइल मग फोनवरच्या कुठल्याही स्प्रेडशीट अ‍ॅपमध्ये उघडून आलेख काढता येतो. ती टर्मक्सच्या बाहेर दिसायला हवी असेल तर आधी एकदा टर्मक्स-सेटअप-स्टोरेज ही कमांड द्यावी लागते आणि परवानगी द्यावी लागते.

इथे एक खड्डा आहे. ते चिन्ह त्याच नावाची जुनी फाइल न विचारता पुसून टाकतं. चिन्ह दोनदा दिलं तर जुन्याच्या खाली नवं जोडलं जातं. एका रात्री मी चाळीस फेऱ्यांची फाइल अशीच, एक चिन्ह कमी पडल्यामुळे, घालवली आहे. कमांड लाइनवर कचऱ्याची टोपली नसते.

उणे सतरा रुग्ण

मला आठवड्याचे आकडे हवे होते. विचार केला, पाऊल 0.1 ऐवजी 7 देऊ, म्हणजे थेट आठवड्यानं एक ओळ मिळेल. बाकी सगळं तेच ठेवलं.

मॉडेल चाललं. लाल अक्षरांत काही आलं नाही. शिखर मात्र 1,540 ऐवजी सुमारे 2,125 वर गेलं, आणि 34 व्या दिवसाऐवजी सातव्या आठवड्यात, म्हणजे 49 व्या दिवशी आलं. हे मी कदाचित खपवून घेतलंही असतं. पण दहाव्या आठवड्यात बाधितांच्या रकान्यात उणे 17 हा आकडा होता.

कारण साधं आहे. गॅमा 0.2 आहे, म्हणजे दिवसाला पाचवा हिस्सा बाहेर पडतो. एकाच पावलात सात दिवस पुढे उडी मारली की प्रोग्राम म्हणतो, 0.2 गुणिले 7, म्हणजे 1.4, म्हणजे होते त्याच्या 140 टक्के लोक बाहेर पडले. नवे बाधित भरपूर येत होते तोवर हे झाकलं गेलं. ते आटले आणि डबा शून्याच्या खाली गेला. समीकरण बरोबर, कोड बरोबर, मीच मागितलेली उडी चुकीची.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. कुठलीही फेरी महत्त्वाची वाटली की तीच ओळ पाऊल निम्मं करून पुन्हा चालवायची. उत्तर जवळजवळ तेच राहिलं तर ठीक. बदललं तर ते उत्तर साथीचं नसून पावलाचं आहे. कमांड लाइनवर ही तपासणी फार स्वस्त पडते: वरचा बाण दाबला की मागची ओळ परत येते, एक आकडा बदलायचा, एंटर. आठवड्याचे आकडे हवे असतील तर पाऊल बारीकच ठेवा आणि छापायचं तेवढं आठवड्यानं छापा.

एक ओळ, 41 फेऱ्या

फोनच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये स्लायडर सरकवून बीटा बदलता आला असता. पण 41 वेळा कोण सरकवणार, आणि दर वेळचं उत्तर लिहून कोण ठेवणार? कमांड लाइनवर फॉर नावाची सोय आहे. तिला म्हणायचं: बीटाला 0.20 पासून 0.60 पर्यंत 0.01 च्या अंतरानं एकेक किंमत दे, आणि प्रत्येक किमतीसाठी ही ओळ चालव. आकड्यांची माळ सेक नावाची छोटी कमांड करून देते. प्रोग्राममध्ये मी --सारांश नावाची एक खुंटी घातली आहे. ती दिली की तो पूर्ण रकाने न छापता फक्त बीटा, शिखर आणि एकूण बाधित एवढी एकच ओळ छापतो. 41 फेऱ्या, 41 ओळी, एक फाइल.

त्या फाइलवरून नजर फिरवली की कळतं, बदल सरळ रेषेत होत नाही. बीटा 0.3 असताना शिखर सुमारे 640 आणि एकूण बाधित 5,840. बीटा 0.4 ला 1,540 आणि 7,970. बीटा 0.6 ला शिखर 3,000 च्या थोडं वर, एकूण 9,400. बीटा 0.6 वरून 0.3 वर आणला तर एकूण आजारी निम्म्यानं कमी होत नाहीत, पण एकाच वेळी आजारी असणाऱ्यांची संख्या जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येते. दवाखान्यातल्या खाटा एकाच वेळी किती लागतील याचं गणित शिखरावर चालतं. लॉकडाउनच्या काळात 'आलेख सपाट करा' असं का सांगत होते, ते मला तेव्हा घोषणेसारखं वाटायचं. ही 41 ओळींची फाइल पाहिल्यावर ते हिशोबासारखं वाटलं.

आता बीटा 0.8 आणि गॅमा 0.4 देऊन पाहा. शिखर तेच, 1,540. एकूण तेच, 7,970. फक्त सगळं दुप्पट वेगानं होतं, शिखर 34 व्या ऐवजी 17 व्या दिवशी. कारण दोन्हींचं गुणोत्तर 2 च आहे. म्हणजे साथ संपल्यावर कुणी तुम्हाला फक्त एकूण आजारी किती ते सांगितलं, तर त्यावरून बीटा आणि गॅमा वेगवेगळे ओळखता येणार नाहीत. ही छोटी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मुंबईत ती मोठी होते.

फासे आणि सीड

आतापर्यंतचं मॉडेल ठरलेल्या वाटेनं जातं. तीच ओळ शंभरदा चालवा, शंभरदा तेच उत्तर. खऱ्या गावात तसं होत नाही. पहिला रुग्ण घरी झोपून बरा झाला तर साथ येतच नाही, जत्रेला गेला तर येते.

म्हणून याच मॉडेलचा फासे टाकणारा प्रकार आहे. त्याची एक पद्धत डॅनियल गिलेस्पी यांनी 1970 च्या दशकात रसायनांच्या अभिक्रियांसाठी मांडली. प्रत्येक वेळी विचारायचं: पुढची घटना कोणती, नवा संसर्ग की कुणीतरी बाहेर पडणं? सुरुवातीला एकच रुग्ण असेल आणि बीटा 0.4, गॅमा 0.2 असेल, तर पुढची घटना संसर्ग असण्याची शक्यता दोन-तृतीयांश आणि तोच बरा होण्याची एक-तृतीयांश. या हिशोबानं एका रुग्णापासून सुरू झालेली साथ पेटण्याआधीच विझण्याची शक्यता बरोबर निम्मी येते. आर-शून्य 2, तरीही निम्मी. मी 1,000 फेऱ्या केल्या तेव्हा जवळपास निम्म्या फेऱ्यांत साथ काही माणसांतच संपली, आणि उरलेल्या निम्म्यांत गावभर पसरली. सुरुवातीला दहा रुग्ण असतील तर विझण्याची शक्यता एक निम्मं दहा वेळा गुणून येते, म्हणजे 1,024 मध्ये एक.

फासे टाकणारा प्रोग्राम दर वेळी वेगळं उत्तर देतो. मग ते उत्तर दुसऱ्यानं तपासायचं कसं? सीडनं. सीड म्हणजे फाशांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा. --सीड 7 दिलं की त्याच प्रोग्राममधून तुम्हाला आणि मला तीच मालिका मिळते. हजार फेऱ्यांसाठी फॉरनं सीड 1 ते 1000 द्यायचे.

हा खेळ नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या नील फर्ग्युसन यांच्या गटाच्या कोविड मॉडेलचा कोड 2020 मध्ये गिटहबवर खुला झाला. ते मॉडेलसुद्धा कमांड लाइनवरूनच चालतं: फाइलींची नावं, आर-शून्यची खुंटी आणि ओळीच्या शेवटी सीडचे चार आकडे. त्या वर्षी त्याच्यावर कडाडून टीका झाली, तिच्यातला एक मोठा मुद्दा हाच होता की तीच फेरी पुन्हा केली तर तेच उत्तर येतं का. पुढे केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी मॉडेल स्वतः चालवून पाहिलं आणि अहवालातले निष्कर्ष पुन्हा मिळाल्याचं नोंदवलं. मॉडेलमधली गृहीतकं बरोबर होती का, हा वेगळा वाद. पण तो वाद घालायलाही आधी तीच ओळ पुन्हा चालवता यावी लागते.

मुंबईचा प्लेग, 1905-06

या मॉडेलचा पहिला गाजलेला आलेख आपल्याच मुंबईचा आहे. विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक या एडिंबरामध्ये काम करणाऱ्या दोघांनी 1927 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे समीकरण मांडलं. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख राहिलेले. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. 1924 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. म्हणजे ज्या आलेखाबद्दल आपण बोलतोय, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

आकडे होते मुंबई बेटावरच्या प्लेगच्या आठवडेवार मृत्यूंचे, 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906. संगणक नव्हताच. त्यांनी समीकरण थोडं सोपं करून एक सूत्र काढलं. त्यात आठवड्याला 890 मृत्यूंचं शिखर 17 व्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला येतं, आणि दोन्ही बाजूंना वक्र सारखाच उतरतो: 12 व्या आठवड्यात सुमारे 374, 22 व्यातही सुमारे 374. सगळे मिळून सुमारे 8,900. सूत्राची रेष आणि खऱ्या मृत्यूंचे ठिपके एकमेकांना इतके चिकटून आहेत की पाठ्यपुस्तकांतून तो आलेख पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला.

मी तोच वक्र फोनवर काढायचं ठरवलं. वेळ आठवड्यांत, पाऊल 0.01 आठवडा, सुरुवातीला एक बाधित. खुंट्या पिळत पिळत एक जोडी सापडली: लोक 50,500, बीटा 4.4, गॅमा 4. एकूण सुमारे 8,900, शिखर आठवड्याला सुमारे 860. 890 च्या बऱ्यापैकी जवळ. खूश झालो.

मग शंका आली म्हणून फॉरला कामाला लावलं, बीटा आणि गॅमामधला फरक 0.4 ठेवून. दुसरी जोडी निघाली: लोक 95,000, बीटा 8.4, गॅमा 8. एकूण पुन्हा सुमारे 8,900. शिखर सुमारे 875. पहिल्यापेक्षाही जवळ! आणि या दोघांच्या मधल्या कितीतरी जोड्या तसाच वक्र देतात.

पण या दोन ओळी सांगतात त्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. पहिली म्हणते, आजार होऊ शकणारे 50,500 लोक होते आणि प्रत्येक जण पावणेदोन दिवस बाधित राहिला. दुसरी म्हणते, असे लोक 95,000 होते आणि प्रत्येक जण जेमतेम 21 तास बाधित राहिला. 1901 च्या जनगणनेत मुंबईत 7 लाख 76 हजार माणसं होती. बाकीच्यांना प्लेग होऊच शकत नव्हता का? मॉडेलला ते माहीत नाही आणि मृत्यूंच्या वक्रावरून ते कळणारही नाही. आलेख मात्र दोन्हींचा देखणा.

याहून मोठी अडचण उंदरांची. मुंबईतला तो प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होत होता, माणसाकडून माणसाला नव्हे. हे केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच लेखात लिहून ठेवलंय की आपण माणसांमधला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब धरतोय, त्यासाठी केलेली गृहीतकं काटेकोरपणे खरी नाहीत, आणि म्हणून आकडे अगदी ढोबळ आहेत. आलेख प्रसिद्ध झाला, हा इशारा तितका झाला नाही.

2012 मध्ये फ्रेंच गणितज्ञ निकोलास बाकाएर यांनी हा मुद्दा पुन्हा उकरला. मुंबईत प्लेग एकदाच आला नव्हता. 1896 पासून तो वर्षानुवर्षं परत येत होता, आणि तोही ऋतूच्या तालावर: चढायचा, आणि उन्हाळा तापला की उतरायचा. आपल्या तीन डब्यांच्या मॉडेलमध्ये साथ उतरण्याचं कारण एकच असू शकतं, आजार होण्याजोगे लोक कमी होणं. खऱ्या मुंबईत ऋतू बदलत होता, त्याबरोबर पिसवांची संख्या बदलत होती. वक्र जुळला, कारण जुळलं नाही.

अ‍ॅपमध्ये एकदाच स्लायडर सरकवून आलेख जुळला असता तर मी तिथेच थांबलो असतो. दुसरी जोडी शोधायला गेलो, ते केवळ पुढची शंभर उत्तरं मागायला मला एकच ओळ लिहावी लागणार होती म्हणून. तेव्हा तुमचं मॉडेल एखाद्या आलेखाशी जुळलं, तर लगेच स्क्रीनशॉट टाकू नका. आधी फॉरला विचारा की आणखी कोण कोण जुळतंय.

फेरी लांबली तर

तासभर चालणारी फेरी लावून फोन खिशात टाकला की अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ती झोपवतं. टर्मक्स-वेक-लॉक ही कमांड आधी दिली की प्रोसेसर जागा राहतो. काम झाल्यावर टर्मक्स-वेक-अनलॉक विसरू नका, नाहीतर सकाळी बॅटरी शून्यावर. अँड्रॉइड 12 पासून पुढे आणखी एक गोची आहे. पार्श्वभूमीला चालणाऱ्या अशा उप-प्रक्रिया एकूण 32 च्या वर गेल्या की यंत्रणा त्यातल्या काही मारून टाकते. त्यामुळे शंभर फेऱ्या एकदम सोडण्यापेक्षा एकामागून एक चालवा.

पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म किंवा आयआयटीएममधला, हवामानाची मॉडेलं चालवणारा अर्क, अशा महासंगणकांवरही संशोधक आपलं काम टर्मिनलमधूनच धाडतात. फरक इतकाच की तिथे फेरी लगेच सुरू होत नाही. कमांड एका छोट्या फाइलमध्ये लिहून रांगेत लावायची, किती प्रोसेसर आणि किती तास लागतील ते सांगायचं, आणि नंबर यायची वाट पाहायची. खुंट्यांचे आकडेही तिथे ओळीत मावत नाहीत, ते वेगळ्या फाइलमध्ये असतात. बाकी फोनवर शिकलेलं बरंचसं तिथे तसंच चालतं.

नोंदींचं म्हणाल तर मी प्रत्येक निकालाच्या फाइलच्या पहिल्या ओळीत, हॅशचं चिन्ह देऊन, ती ज्या कमांडनं तयार झाली ती पूर्ण कमांड, तारीख आणि सीड छापतो. प्रोग्रामलाच ते करायला लावलंय, कारण मी विसरतो. मुंबईच्या त्या दोन फाइली अजून फोनवर शेजारी शेजारी आहेत. आलेख काढले तर कुठला कुणाचा हे मला सांगता येणार नाही. पहिली ओळ वाचली की कळतं.